लॅपटॉपची स्किन: लावण्याआधी काढण्याचा विचार

अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात १९२० नंतरच्या काळात मोटारी रंगवणाऱ्या कारागिरांना एक अडचण फार छळत होती. दोन रंगांच्या मोटारींची तेव्हा चलती होती. एक रंग देऊन झाला की तो भाग वर्तमानपत्राच्या कागदाने झाकायचा, कडेला चिकटपट्टी लावायची आणि मग उरलेल्या भागाला दुसरा रंग द्यायचा. हे काम झाल्यावर पट्टी ओढली की तिच्यासोबत नवा कोरा रंगही निघून यायचा आणि सगळी मेहनत वाया जायची. थ्री-एम कंपनीचा रिचर्ड ड्रू हा तरुण सॅंडपेपरचे नमुने घेऊन अशा गॅरेजांत जात असे. कारागिरांची चिडचिड त्याने तिथेच पाहिली. हवा तितका वेळ धरून ठेवेल आणि रंग न उचलता सुटेल अशी पट्टी बनवायच्या खटपटीला तो लागला. १९२५ साली त्याची मास्किंग टेप तयार झाली.

नव्या लॅपटॉपवर स्किन लावणाऱ्यापुढे आजही तोच प्रश्न असतो. चिकटवणं सोपं आहे, ते कुणालाही जमतं. दोन वर्षांनी तीच स्किन सोलल्यावर खालचा पृष्ठभाग पहिल्या दिवसासारखा दिसायला हवा, आणि ते मात्र लावण्याच्या दिवशीच ठरतं. कोणता माल घेतला, कशाने पुसलं, कटर कुठे चालवला आणि कडेला किती जागा सोडली, यावर सगळं अवलंबून असतं. लॅपटॉप खराब होतो तो बहुतेक वेळा स्किनमुळे होत नाही. लावणाऱ्याच्या किंवा काढणाऱ्याच्या हाताने होतो.

आधी माल पाहू. बाजारातल्या बहुतेक स्किन व्हिनाइलच्या, म्हणजे पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसी मुळात कडक आणि ठिसूळ. ते मऊ, वाकणारं करता येतं हे वाल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाला १९२६ साली बी. एफ. गुडरिच कंपनीत काम करताना कळलं. तो शोधत होता रबर धातूला चिकटवण्याचा उपाय. पीव्हीसीत मिसळलेली मऊपणा देणारी द्रव्यं कायम तिथेच राहत नाहीत. उन्हाने, उष्णतेने आणि काळाने ती हळूहळू बाहेर पडतात, काही चिकटद्रवात उतरतात. म्हणून जुनी स्किन कडक होते, कडेला आक्रसते आणि काढताना तिचे तुकडे पडतात.

स्किनसाठी लागणारी ही व्हिनाइलची पातळ फिल्म बनवण्याच्या दोन पद्धती आहेत आणि गिऱ्हाइकाने त्यांतला फरक समजून घेणं फायद्याचं असतं. स्वस्त फिल्म तापलेल्या रुळांमधून दाबून, लाटून पातळ करतात. लाटताना तिच्यावर ताण येतो, तो तिच्यात साठून राहतो आणि पुढे ती मूळ आकाराकडे परतू पाहते. दुसऱ्या पद्धतीत पातळ मिश्रण एका गुळगुळीत तावावर ओतून भट्टीत सुकवतात. या ओतीव फिल्ममध्ये तसा ताण नसतो. ती साधारण ५० मायक्रॉन इतकी पातळ करता येते, जागच्या जागी राहते आणि काढताना बहुधा अखंड निघते. मोटारींवर चढवायच्या चांगल्या फिल्म याच जातीच्या असतात; थ्री-एम आणि एव्हरी डेनिसन ही त्यांतली जुनी नावं. रस्त्यावर मिळणारी रंगीत चित्राची तयार स्किन जवळजवळ नेहमी लाटलेली असते. ती वाईटच असते असं नाही, पण तिचं आयुष्य कमी, आणि ते संपण्याआधी ती काढायला हवी.

आता चिकटपणाकडे येऊ, कारण पुढची बरीच पथ्यं त्यातून निघतात. स्किनमागचा चिकट थर धड घन नसतो, धड द्रव नसतो. फणसाच्या चिकासारखं त्याचं वागणं असतं: हळू ताणला तर लांबत जातो, झटका दिला तर हट्टाने धरून बसतो. दाब दिला की तो पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत सावकाश पसरतो आणि जितका जास्त पसरेल तितकी पकड वाढते. हे पसरणं एका मिनिटात संपत नाही. पहिली काही मिनिटं स्किन उचलून परत लावता येते; पूर्ण पकड यायला एक ते तीन दिवस जातात. नवी स्किन लावलेला लॅपटॉप लगेच बॅगेत कोंबू नये, निदान एक रात्र टेबलावर राहू द्यावा, तो यासाठी. आणि काढताना घाई करू नये तीही यासाठीच.

ज्यावर चिकटवायचं तो पृष्ठभाग सगळ्या लॅपटॉपांना सारखा नसतो. ॲल्युमिनियमच्या झाकणावर बहुधा ॲनोडायझिंग केलेलं असतं. विजेच्या साहाय्याने धातूच्याच अंगावर त्याच्या ऑक्साइडचा काही मायक्रॉन जाडीचा थर वाढवतात. हा थर धातूतूनच उगवलेला असल्याने स्किनसोबत निघून येत नाही. स्किनसाठी यापेक्षा चांगला पृष्ठभाग नाही. प्लॅस्टिकच्या किंवा मॅग्नेशियम मिश्रधातूच्या झाकणावर रंग असतो. कारखान्यात नीट भाजलेला रंग टिकाऊ असतो, तिथेही सहसा अडचण येत नाही, पण कडेला टवका उडालेला असेल तर स्किनचा चिकट थर नेमकी तीच जागा पकडून रंग आणखी उचलतो. तिसरा प्रकार सगळ्यांत नाजूक, तो म्हणजे हाताला रबरासारखा, मखमली लागणारा मुलामा. दमट हवेत तो स्वतःच काही वर्षांत चिकट होऊ लागतो. मुंबई-कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी जुन्या माउसवर, रेडिओच्या बटणांवर किंवा दुर्बिणीवर हे पाहिलं असेल. अशा मुलाम्यावर स्किन लावली तर काढताना तो पापुद्र्यासारखा सुटून येण्याची भीती खरी आहे. अशा यंत्राला स्किन लावूच नये. चांगली मऊ पिशवी घ्यावी. खडबडीत, दाणेदार झाकणाचंही तसंच. तिथे चिकट थर फक्त दाण्यांच्या टोकांना टेकतो, कोपरे आठवड्याभरात सुटतात.

आपलं झाकण कोणत्या जातीचं हे कळत नसेल तर स्किनच्या उरलेल्या भागातून बोटभर तुकडा कापावा आणि तळाशी, नजरेत न येणाऱ्या कोपऱ्यात लावावा. दोन-तीन दिवसांनी हळू सोलून त्याचा चिकट भाग उजेडात धरून पाहावा. त्यावर रंगाचा किंवा मुलाम्याचा पुसटसाही ठसा असला तर बेत तिथेच सोडावा.

आता कटर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मोठी शीट लॅपटॉपवर पसरून, दाबून, मग कडेकडेने कटर फिरवून जादा भाग काढण्याची पद्धत दिसते. सफाईदार हात असतो, पाच मिनिटांत काम होतं आणि कडा सुरेख दिसते. पण फिल्मची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. कटरचं पोलादी पातं तिच्या आरपार गेलं की लगेच खालच्या रंगाला किंवा ॲनोडायझिंगला टेकतं. ज्या चऱ्यापासून वाचण्यासाठी पैसे दिले, तोच चरा झाकणाभोवती चौकट आखल्यासारखा उमटतो. वर स्किन असते म्हणून तो दिसत नाही. दिसतो तो स्किन काढल्यावर, आणि तोवर दुकान विसरलेलं असतं. लोगोभोवती गोल कापून देतात तिथे हा धोका सर्वाधिक, कारण वळणावर पात्यावरचा जोर वाढतो आणि जागा अगदी डोळ्यांसमोरची.

माझं मत यात ठाम आहे: कटर लॅपटॉपवर चालता कामा नये. त्याला दोन चांगले मार्ग आहेत. एक, आपल्या मॉडेलच्या मापाने यंत्रावर आधीच कापलेली स्किन घेणं. दुकानात संगणकाला जोडलेलं कापण्याचं यंत्र, म्हणजे प्लॉटर, असेल तर मॉडेलचं नाव सांगून ती काढून मिळते. दुसरा मार्ग कागदी साच्याचा. झाकणावर साधा कागद ठेवून बोटाने कडा दाबून घ्यावी, घडीच्या रेघेवर कात्रीने कापावं, साचा झाकणावर ठेवून तपासावा आणि मग तो स्किनच्या मागच्या कागदावर उलटा ठेवून आखावा. उलटा ठेवायला विसरलं तर लोगोची खिडकी भलत्या बाजूला येते. कापणं टेबलावर, लाकडी फळीवर किंवा जाड पुठ्ठ्यावर करावं आणि कोपऱ्यांना गोलाई द्यावी. टोकदार कोपरा बॅगेच्या अस्तरात अडकून पहिल्याच महिन्यात उचकटतो.

साचा झाकणाच्या कडेपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर आतच ठेवावा. कडेवरून खाली वळवलेली स्किन दिसायला देखणी, पण टिकत नाही. मोटारींवर फिल्म चढवणारे कारागीर वळणावर ती ताणतात आणि काम झाल्यावर नव्वद अंशांच्या वर तापवून तिच्यातला ताण मोडतात, म्हणून ती परत फिरत नाही. हा शेवटचा टप्पा लॅपटॉपवर करता येत नाही. झाकणाच्या आत पडद्यामागे प्रकाश पसरवणारे पातळ प्लॅस्टिकचे ताव असतात, ते उष्णतेने सुरकुततात आणि मग उजेडात डाग दिसतात. तळाशी लिथियम बॅटरी असते, तिला साठ अंशांच्या वरचं तापमान सोसत नाही. दुकानातला ब्लोअर कित्येक शे अंशांची हवा फेकतो. तो लॅपटॉपवर धरू देऊ नका, मग कारागीर कितीही जुना असो. घरचा केस वाळवायचा ड्रायर कमी आचेवर, वीतभर अंतरावरून, सतत हलवत काही सेकंद चालेल. आणि सपाट भागावर, आतल्या कडेपर्यंतच स्किन लावायची असेल तर लावताना उष्णतेची मुळीच गरज पडत नाही.

लावण्याच्या दिवशी लॅपटॉप झोपवून ठेवलेला नको, पूर्ण बंद हवा, चार्जर काढलेला. नवा असेल तर झाकणावरची कारखान्याची पारदर्शक फिल्म आधी सोलावी, काही जण तिच्यावरच स्किन लावतात. खोलीतला पंखा आधीच दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवावा म्हणजे उडालेली धूळ खाली बसते. गाद्या-गोधड्या असलेल्या खोलीपेक्षा जेवणाचं पुसलेलं टेबल बरं, कारण कापसाचा एक तंतू स्किनखाली गेला तर तो रोज दिसत राहतो. पुसायला मायक्रोफायबरचं कापड आणि सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, जे औषधाच्या दुकानात मिळतं. ते कापडावर घ्यायचं, यंत्रावर शिंपडायचं नाही. हाताचा सॅनिटायझर यासाठी वापरू नये. त्यात त्वचा कोरडी पडू नये म्हणून बहुधा ग्लिसरीन असतं, त्याचा थर मागे राहतो आणि स्किन त्या थराला चिकटते. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल यांना तर जवळही आणू नये. ॲसिटोनने एबीएस हे प्लॅस्टिक विरघळतं आणि पॉलिकार्बोनेटला तडे जातात, आणि लॅपटॉपची बरीच अंगं त्यांचीच असतात. पडद्यावर यातलं काहीच नको.

काचेवर फिल्म लावणारे साबणाचं पाणी मारून ती सरकवत बसवतात. लॅपटॉपवर ही युक्ती नको; कळांच्या आणि बिजागरीच्या फटींतून पाणी आत जायला वेळ लागत नाही. इथे कोरडंच काम करायचं, आणि त्यासाठी पाट्या-फलक बनवणाऱ्यांची एक रीत फार उपयोगी आहे. मागचा कागद न काढता स्किन झाकणावर ठेवावी, चारी बाजूंची मोकळी पट्टी सारखी दिसेपर्यंत सरकवावी. मग बरोबर मध्यावर, डावीकडून उजवीकडे नव्हे, तर वरून खाली, मास्किंग टेपची एक पट्टी लावून ती पक्की करावी. आता उजवा अर्धा भाग उचलायचा, त्याचा मागचा कागद टेपपर्यंत सोलायचा आणि तेवढाच कात्रीने कापून टाकायचा. उचललेला भाग हवेत किंचित ताठ धरून मध्यापासून बाहेरच्या दिशेने बोटाच्या रुंदीने पुढे सरकत दाबत न्यायचा. दाबायला जुनं एटीएम कार्ड चालतं, पण त्याला मऊ कापड गुंडाळलेलं हवं, नाहीतर मॅट स्किनवर चमकदार रेघा पडतात. उजवी बाजू बसली की टेप काढून डावीकडे तेच करायचं. पहिल्या अर्ध्याने माप धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे दुसरा अर्धा वाकडा जायला जागाच राहत नाही.

ताणू मात्र नये. एक कोपरा दोन मिलिमीटर कमी पडतोय म्हणून ओढून बसवला तर तो महिन्याभरात आपल्या जागी परत जातो आणि मागे चिकट पट्टी सोडतो, तिला धूळ धरते. बुडबुडा राहिला तर तेवढा भाग उचलून पुन्हा दाबावा. सुई टोचण्याचा सल्ला बरेच जण देतात. फिल्मखाली धातू किंवा रंग आहे हे लक्षात घेता मी तो देणार नाही. चांगल्या फिल्मच्या चिकट थरात हवा जायला बारीक खोबणी असतात, त्यामुळे मोहरीएवढे बुडबुडे बोटाने दाबले की जातात, उरलेले काही दिवसांत विरतात. धुळीचा कण अडकला तर स्किन उचलून सेलोटेपच्या तुकड्याने तो टिपावा, नखाने खरवडू नये.

तळाला स्किन लावली तर लॅपटॉप तापतो का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. याचा हिशेब करता येतो. तीस गुणिले वीस सेंटिमीटरचा तळ आणि त्यातून बाहेर पडणारी दहा वॉट उष्णता धरली, तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या व्हिनाइलमुळे तापमानात पडणारा फरक सुमारे एक दशांश अंश येतो. म्हणजे फिल्मची काहीच अडचण नाही. अडचण होते ती हवेची जाळी झाकली गेल्याने. पंखा हवा आत ओढतो त्या फटीचा काही भाग जरी बुजला तरी पंख्याचा आवाज वाढू शकतो आणि यंत्र मंदावू शकतं. तेव्हा तळाशी जाळ्या, रबरी पाय, स्पीकरची भोकं आणि स्क्रू उघडे राहायला हवेत. स्क्रूवर स्किन असली की सर्व्हिस सेंटरचा माणूस ती फाडूनच काढतो. तळावरचा सिरियल नंबर झाकण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवावा. खरं सांगायचं तर तळाला स्किनची गरज थोड्यांनाच असते.

आतल्या बाजूला, तळहात टेकतो त्या जागेला, स्किनचा उपयोग जास्त आहे. घामाने आणि घड्याळाच्या पट्ट्याने ती जागा सगळ्यांत आधी झिजते. पण इथे जाडी मोजून घ्यावी लागते. आजकालचे लॅपटॉप मिटल्यावर पडदा आणि कळा यांच्यामधली फट अगदी थोडी असते. कॅमेऱ्यावर सरकतं झाकण लावून मॅकबुक मिटल्याने पडद्याला इजा होऊ शकते असा इशारा ॲपलने २०२० साली दिला आणि काही लावायचंच असेल तर ते छपाईच्या साध्या कागदाहून, म्हणजे ०.१ मिलिमीटरहून जाड नको असं सांगितलं. हेच माप तळहाताच्या जागेला लावावं. उठावाचं चामडं, लाकडाचा पोत असलेल्या जाड स्किन बाहेरच्या झाकणावर शोभतात, आत नाही. मायक्रोफोनची भोकं टाचणीच्या टोकाएवढी असतात; ती आधी शोधून ठेवावीत, नाहीतर मीटिंगमध्ये आवाज का दबतो याचा शोध भलतीकडे सुरू होतो.

चकचकीत, आरशासारख्या स्किनबद्दल एक शब्द. त्यांतल्या काहींत खरोखरच ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर असतो आणि तो वाय-फायच्या लहरी अडवू शकतो. साधं व्हिनाइल अडवत नाही. कार्बन फायबर म्हणून विकली जाणारी स्किनही बहुधा उठाव दिलेलं व्हिनाइलच असते, तिच्यापासून त्रास नाही.

आता काढण्याचं. ड्रायरने कोपरा कोमट करावा, हाताला सुखद लागेल इतकाच. नखाने किंवा प्लॅस्टिकच्या कार्डाने टोक उचलावं, चाकू-स्क्रूड्रायव्हरने नाही. मग सुटलेला भाग स्वतःवरच दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, सावकाश ओढत न्यावा. सरळ वर उपटलं तर सगळा जोर रंगाला उचलण्यात जातो. झटक्याने ओढलं तर चिकट थर जास्त हट्टाने धरतो. मिनिटाला वीतभर या गतीने गेलात तरी पाच मिनिटांच्या आत झाकण मोकळं होतं. मध्येच रंग उचलला जातोय असं दिसलं तर तिथेच थांबून पुन्हा कोमट करावं आणि दुसऱ्या कोपऱ्यापासून सुरुवात करावी.

मागे चिकट डाग राहिले तर आधी सोललेल्या स्किनचाच चिकट भाग त्यावर टेकवून उचलून पाहावं, बरंचसं त्यालाच लागून येतं. उरलेल्यासाठी अल्कोहोल. तेही पुरलं नाही तर फणस कापताना हाताला लावतात ते खोबरेल इथेही चालतं: एक थेंब कापडावर, फक्त बाहेरच्या झाकणावर, दहा मिनिटांनी पुसून पुन्हा अल्कोहोल. कळांच्या आसपास तेल नको. रॉकेल नको.

स्किन ओरखड्यापासून वाचवते. पडण्यापासून, पाण्यापासून किंवा बॅगेतल्या दाबापासून नाही, त्यामुळे तिच्यावर तेवढ्याच अपेक्षेने खर्च करावा. दुकानात लावून घेणार असाल तर मापाची कापलेली शीट घेऊन जा आणि कटर, ब्लोअर दोन्ही यंत्रापासून दूर ठेवायला आधीच सांगा. आणि कडा कडक होऊ लागल्या, कोपरा आक्रसून चिकट पट्टी दिसू लागली की त्याच महिन्यात ती स्किन काढा. तेव्हा ती एका तुकड्यात निघते. आणखी दोन उन्हाळे गेले की ती नखाएवढ्या तुकड्यांनी निघते आणि तेव्हाच झाकणावर चरे पडतात.